टॉप-अप आणि दहिसरचं घर

मला कोणी 'फायटर' म्हटलं की झोप येते. मी काही लढले-बिढले नाही. मला नेलं, झोपवलं, कापलं, शिवलं, सुया टोचल्या आणि मी बहुतेक वेळ छताकडे बघत पडून राहिले. थकले मात्र खूप. तो थकवा अजून गेलेला नाही. हे लिहितानासुद्धा मधेच उठून आडवं व्हावं लागतं.

तरी लिहितेय, कारण आमच्या सोसायटीत माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या एकट्या बायका बऱ्याच आहेत. त्या दाराशी येऊन हळूच विचारतात, "किती आला गं खर्च? कसं निभावलंस?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायला माझ्यात दम नाही. तेव्हा एकदाच काय ते सांगते.

माझं वय अडुसष्ट. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणारे सगळे आता वारले. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत औषधांची खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली, शेवटी सुपरवायझर होते. पेन्शन नाही. दहिसरला वन रूम किचन आहे, माझ्या पगारातून घेतलेलं, दारावर माझं एकटीचं नाव. या आजारात मरणाची भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून जास्त भीती वाटली ती हे घर हातचं जाण्याची.

निदान

सुरुवात अगदी फालतू होती. जिना चढताना धाप लागायची. मी म्हटलं, वय झालं. मग हिमोग्लोबिन इतकं खाली आलेलं निघालं की आमचे नेहमीचे डॉक्टर चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी दुर्बिणीची तपासणी करायला पाठवलं. ती करण्याआधी पोट साफ करायला जे औषध पाजतात त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी घेतलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी घेतलं नाही त्यांनी सुखात राहावं.

रिपोर्टच्या दिवशी माझ्याबरोबर दादा आणि निखिल होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बोरिवलीला राहतो. निखिल त्याचा मुलगा. सर्जनने माझ्याकडे न बघता निखिलकडे बघून बोलायला सुरुवात केली.

"पेशंट मी आहे," मी म्हटलं. "मला सांगा."

तेव्हा त्यांनी सांगितलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर बहुधा केमो. बरा होण्यासारखा आहे, असंही म्हणाले. हे शेवटचं वाक्य मला घरी गेल्यावर ऐकू आलं. तिथे बसले होते तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की टेबलावरच्या काचेखाली कुणाचातरी बारशाचा फोटो आहे.

बाहेर आल्यावर निखिल गाडी आणायला गेला तसा दादा म्हणाला, "तू आमच्याकडे ये राहायला. आणि दहिसरचं घर काढून टाक. ट्रीटमेंट व्यवस्थित होईल, वर चार पैसे उरतील. एकटी राहून काय करणार आहेस आता?"

तो वाईट माणूस नाही हे आधीच सांगते. त्याला जे सुचलं ते प्रेमानेच सुचलं होतं. पण कॅन्सर कळून दहा मिनिटं झाली नव्हती आणि माझ्या घराची विल्हेवाट लागत होती. मी म्हटलं, "माझी पॉलिसी आहे." तो म्हणाला, "तेवढ्यात काय होतंय?"

प्रभूबाई

पॉलिसीचं थोडं समजावून सांगावं लागेल, कंटाळा आला तरी वाचा.

बँकेतर्फे घेतलेली माझी एक जुनी आरोग्य पॉलिसी होती, तीन लाखांची. घेतली तेव्हा ती डोंगराएवढी वाटली होती. आजकाल मुंबईत तीन लाखांत एक ऑपरेशन जेमतेम बसतं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर प्रभूबाई राहतात. विम्याच्या एजंट. सोसायटीत त्यांना बघून लोक जिन्यातून परत फिरायचे, त्यात मीही होते. एकदा गणपतीच्या आरतीला मी प्रसाद वाटत होते, हातात ताट, पळायला जागा नाही, तेव्हा त्यांनी गाठलं. "कुमुदताई, मूळ पॉलिसी वाढवायला जाल तर या वयात हप्ता झेपायचा नाही. तुम्ही सुपर टॉप-अप घ्या."

मग दोन संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसल्या. मी चहा केला, त्या बोलल्या. टॉप-अप म्हणजे काय, तर एका वर्षात पहिल्या तीन लाखांपर्यंतचा खर्च ही पॉलिसी बघतच नाही. तो मूळ पॉलिसीने भरावा नाहीतर आपण भरावा, त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्याच्या वर गेलात की ही सुरू होते. म्हणून हिचा हप्ता कमी. पण साधं टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात फरक आहे. साधं टॉप-अप प्रत्येक वेळी दाखल झालात की पुन्हा पहिल्यापासून मोजतं. सुपर टॉप-अप वर्षातली सगळी बिलं एकत्र धरतं. "म्हातारपणी माणूस एकदाच दाखल होत नाही, सारखं सारखं होतं," प्रभूबाई म्हणाल्या. मला ते बोलणं अजिबात आवडलं नव्हतं.

घेतली, खरं सांगायचं तर, त्या उठाव्यात म्हणून. बीपी आहे तेही त्यांनी माझ्याकडून फॉर्मवर लिहून घेतलं, मी नको म्हणत असताना. आहे त्या आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागतं, ती वर्षं मी धडधाकट काढली. आणि दरवर्षी हप्ता भरताना दोनशे शिव्या घातल्या.

जाताना त्यांनी एक गोष्ट बजावली होती. "तुमच्या जुन्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. दाखल व्हायची वेळ आली तर तीन जणांच्याच खोलीत राहा. वरची खोली घेतलीत तर नुसतं भाडं नाही कापत, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, सगळंच त्या प्रमाणात कापतात." ऑपरेशनच्या आधी हे मी निखिलला सांगितलं. त्याने दाखल करताना तीन जणांची खोलीच घेतली.

शुद्धीवर आले तेव्हा

ऑपरेशननंतर आधी आयसीयूत होते. त्याचं मला फारसं आठवत नाही, फक्त तहान आठवते आणि ओल्या कापसाने ओठ पुसणारी सिस्टर. तिचा हात इतका हलका होता की मला आई आठवली.

तिथून बाहेर काढलं आणि नीट जाग आली, तर मी एका मोठ्या खोलीत एकटी. समोर टीव्ही, बाजूला सोफा, सोफ्यावर दादा.

"ही कुठली खोली?" मी विचारलं.

"सिंगल. मी बदलून घेतली."

"दादा, मी निखिलला सांगितलं होतं ना."

"तो ऑफिसला गेलाय. तू गप पड. कुडाळहून मामेभाऊ, त्यांची बायको, सगळे निघालेत. दोन परक्या बायांच्या मधे पडदा लावून तुला बघायला येतील ते? काय म्हणतील, सख्ख्या बहिणीला जनरलमध्ये टाकली?"

मला वाद घालायचा होता, पण नाकात नळी होती, पोटावर टाके होते. त्यामुळे मी डोळे मिटले. ज्या घरात आजारी माणसाला बघायला येणं हा धर्म आहे, तिथे येणाऱ्यांना बसायला जागा हवी हेही खरंच. दादाला पॉलिसी कळत नव्हती असं नाही. त्याला वाटलं, फरक फक्त भाड्याचाच असणार, तेवढा आपण भरू.

आणि माणसं आली. शहाळी घेऊन आली, सोफ्यावर ओळीने बसली. प्रत्येकाला ह्याच आजाराने गेलेलं कुणीतरी ठाऊक होतं. "आमच्या भावोजींना हेच झालं होतं. शेवटपर्यंत चांगले बोलत होते हो." मला अजून पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नव्हता, आणि उशाशी शहाळ्यांची रांग. तिसऱ्या दिवशी मी वहिनीला म्हटलं, "उद्या कोणी आलं तर मला झोप लागलीय म्हणून सांग." वहिनी म्हणाली, "मी कालपासून तेच सांगतेय. ते म्हणतात, झोपू द्या, आम्ही बसतो."

डिस्चार्ज

डॉक्टरांनी सकाळी घरी जायला सांगितलं. निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. मधला सगळा वेळ मी साडी नेसून पलंगाच्या कडेला बसले होते, विमा कंपनीची शेवटची मंजुरी येण्याची वाट बघत. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एकच सांगते, साडी नेसायची घाई करू नका.

मंजुरी आली, पण कापून. निखिल खालून वर आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"बाबा, तुम्ही रूम बदललीत ना, त्याने वाट लागली. नुसतं भाडं नाही कापलंय, सगळंच कापलंय. सर्जन, भूलवाले, ओटी, सगळं."

"असं कसं? भाडं भाड्याच्या जागी. ऑपरेशन तेच, सर्जन तोच. त्याला कशाला कात्री?"

"नियमच आहे तसा. आत्याने मला सांगितलं होतं."

दादा माझ्याकडे बघेना. वर हातमोजे, पट्ट्या, असल्या वस्तूंचे पैसे कुठलीच पॉलिसी देत नाही, तेही आपणच भरायचे होते. दादा खाली जाऊन कार्डाने सगळं भरून आला आणि रागाने म्हणाला, "म्हणून सांगत होतो. विम्याबिम्याचं काही खरं नाही. घर काढ."

बोलायला अंगात त्राण नव्हतं, आणि मनातून मलाही तेच वाटायला लागलं होतं.

बोरिवली

टाके ओले होते, म्हणून दादाकडेच राहिले. वहिनीने माझं जे केलं ते सख्ख्या बहिणीने केलं नसतं. मऊ भात, पेज, आंघोळीला गरम पाणी, मला उठवणं-बसवणं. पण ती पण पासष्टची आहे, तिचे गुडघे दुखतात. मी हॉलमध्ये दिवाणावर झोपायचे, त्यामुळे घरात कोणाला मोठ्याने बोलता येत नव्हतं, टीव्ही लावता येत नव्हता. एका दुपारी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, दादाशी बोलत होती. "किती दिवस ते सांगा फक्त. मी करते, पण मला सांगा." मला वाईट वाटलं, पण तिचा राग आला नाही. माझ्या मनातसुद्धा तोच प्रश्न होता.

मग केमो सुरू झाली. दर पंधरवड्याला दिवसभरासाठी दाखल व्हायचं, संध्याकाळी घरी. माझ्या औषधाची एक तऱ्हा होती, थंड काही सोसायचं नाही. फ्रिजमधल्या दह्याच्या भांड्याला हात लावला की बोटांत सुया घुसायच्या. साधं माठातलं पाणी घशाला काट्यासारखं लागायचं. मी ऐन मे महिन्यात लोकरीचे हातमोजे घालून बसायचे आणि कोमट पाणी प्यायचे. वहिनीने माझ्यासाठी थर्मास वेगळा काढून ठेवला होता, त्याला कुणी हात लावलेला तिला चालायचा नाही.

पहिल्या केमो जुन्या पॉलिसीत उरलंसुरलं होतं त्यात बसल्या. मग ती आटली. पुढचं टॉप-अपवर. आणि टॉप-अपच्या कंपनीने सांगितलं, आधीच्या कंपनीने किती भरलं आणि किती कापलं त्याची सगळी पत्रं आणि हॉस्पिटलची सगळी मूळ बिलं आधी दाखवा. बरोबरच होतं त्यांचं, पण ते कागद आधीच्या कंपनीकडून यायला वेळ लागत होता आणि केमो काही कोणासाठी थांबत नाही.

दादा त्याच आठवड्यात म्हणाला, "एक पार्टी आहे. टोकन द्यायला तयार आहे. चावी दे, रविवारी दाखवून आणतो."

मी दिवाणावर पडले होते. तोंडाला चव नव्हती, पायात मुंग्या होत्या. त्या क्षणी चावी देऊन टाकणं किती सोपं होतं ते सांगता येणार नाही. दिली असती तर पुढचे सगळे प्रश्न संपले असते. मी म्हटलं, "ही केमो मी एफडी मोडून करते. पुढच्या केमोपर्यंत टॉप-अपचं आलं नाही तर चावी तुझी."

"कुमुद, हट्ट करू नकोस."

"हट्टच आहे माझा," मी म्हटलं.

तो उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने परत येऊन माझ्या पायथ्याशी बसला. आमच्यात आम्ही एरवी शहरातलंच बोलतो. गावचं बोलणं तो फक्त जीव कासावीस झाला की काढतो.

"आयेक आमी भुंयार निजयलंव," तो म्हणाला. "याद आसा तुका?"

आठवत होतं. आई गेली तेव्हा वॉर्ड भरलेला होता, खाट मिळाली नव्हती. दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी घालून तिला ठेवलं होतं. दादा तेव्हा गिरणीच्या संपात घरी बसलेला, खिशात काही नाही. तिला बघायला आलेली माणसं तिच्या पायाशी उकिडवी बसायची.

"तुका तसा ठेवचा नव्हता माका," तो म्हणाला. "म्हणान ती खोली घेतलंय."

मी त्याचा हात धरला. मला थंड लागला, सुया टोचल्या, तरी धरून ठेवला. मला त्याच्यावर रागवायचं होतं ते तिथेच संपलं. त्या खोलीपायी जे कापलं गेलं ते त्याने भरलं आहे, ते मी त्याला कधीच परत देणार नाही. द्यायला गेले तर त्याला लागेल.

मंजुरी

प्रभूबाई दहिसरहून बोरिवलीला येऊन कागदांच्या झेरॉक्स घेऊन जायच्या. निखिल ऑफिसातून फोन करत राहायचा, विमा कंपनीतल्या त्याच त्या मुलीशी तेच ते बोलायचा. मी काहीच केलं नाही. माझ्या हातून पेनसुद्धा नीट धरवत नव्हतं, सह्या वाकड्या यायच्या. माझी सही जुळत नाही म्हणून एक कागद परतसुद्धा आला.

पुढच्या केमोला आम्ही तिघं गेलो. दादाच्या खिशात त्या पार्टीचा नंबर होता, मला माहीत होतं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले, सिस्टर शीर शोधत होती. निखिल काउंटरवर उभा होता. बराच वेळ तो आलाच नाही. मी डोळे मिटून माझ्या घराच्या सामानाचा हिशेब करत होते, कपाट वहिनीला, शिवणयंत्र कामाला येणाऱ्या सुनंदाला.

निखिल आला. "आत्या, कॅशलेस झालं. टॉप-अपमधून."

"म्हणजे ही?"

"ही आणि यापुढची सगळी. वर्षातलं सगळं एकत्र धरलंय त्यांनी. तू एफडी मोडून केलीस ना, तिचेही परत येतील, फॉर्म टाकलाय."

लोक म्हणतात अशा वेळी आनंद होतो. मला फक्त खूप झोप आली. ती सगळी केमो मी झोपून काढली.

साधं टॉप-अप घेतलं असतं तर हे झालं नसतं. एकेक केमो तीन लाखांच्या घरात जात नाही, ती दरवेळी उंबरठ्याबाहेरच राहिली असती. प्रभूबाईंचं ते 'सारखं सारखं' मला आता रोज आठवतं. अर्थात सगळंच विम्याने दिलं असं कोणी समजू नका. बाहेरच्या रक्ततपासण्या, गोळ्या, रिक्षा, तोंड आल्यावरची औषधं, हे माझ्याच खिशातून गेलं. यंदा हप्ताही वाढून आला. शिव्या घातल्या आणि भरला.

शेवटची केमो

शेवटच्या दिवशी सुई काढून सिस्टरने कापूस लावला आणि म्हणाली, "आता इकडे यायचं नाही हं आजी." मी हो म्हटलं. तपासण्यांना यावं लागणारच आहे, पण तिचं मन मोडवेना.

निखिलला यायला जमलं नव्हतं, दादा एकटाच होता. एका हातात माझी पिशवी, एका हातात वहिनीने दिलेला थर्मास. त्या पार्टीने दुसरं घर बघितलं होतं, ते त्याने मला गेल्या आठवड्यात सांगितलं होतं. वहिनीने दिवाणावर धुतलेली चादर घातली असणार, भात टाकला असणार. तिकडे गेले असते तर त्या दोघांनी मला मरेपर्यंत सांभाळलं असतं आणि कधी बोलूनही दाखवलं नसतं.

रिक्षा मिळाली. दादाने आधी मला बसवलं, पाय उचलून आत घेतले, मग स्वतः बसला. रिक्षावाल्याने मीटर टाकला आणि विचारलं, "किधर जाना है?"

मी दादाकडे बघितलं नाही. मला म्हणायचं होतं ते त्याच्या तोंडावर म्हणायचा धीर होत नव्हता.

दादाने हातातली पिशवी पायाशी ठेवली.

"दहिसर," तो म्हणाला. "आराम से लेना, पेशंट है."

मला रडू आलं. त्याने खिशातला रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि वहिनीला फोन लावला. जेवणाचा डबा घेऊन तिलाच तिकडे यायला सांगितलं.